लोक थांबतात तिथे

मी एक जुना मोबाईल आहे, आणि सध्या तांदळाच्या डब्यात पुरलेला आहे. मित्रांनो, भिजलेला मोबाईल तांदळात ठेवला की सुकून पुन्हा चालू होतो, असं माणसं म्हणतात. मला मात्र चालू व्हायचीच भीती वाटते.

चार वर्षांपूर्वी वसईतल्या नंदाखाल गावच्या जीनाने मला हौसेने घेतलं. वाडीतल्या केळी, सोनचाफा, सासूबाईंच्या हातचं कालवण असं सगळं ती माझ्यात टिपायची आणि जगाला दाखवायची. दर रविवारी मिस्सा आटोपून घरी आली, की चर्चच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची, तिच्या व्हिडिओवर लोक किती वेळ थांबले. पहिल्या वर्षी लोक शेवटपर्यंत थांबत. मसाल्यात काय काय घातलं, असं आपुलकीने विचारत. तेव्हा माझे केवढे लाड! जीनाची लेक स्टेफी जेमतेम तीन वर्षांची होती, ती मला फ्रॉकच्या टोकाने पुसायची.

मग लोक बदलले. तीन मिनिटं थांबणारे एका मिनिटावर आले, नंतर अकरा सेकंदांवर. कुणी काही विचारेना. अंगठा सरकवला की पसार! जीनाचं कशात लक्ष लागेना.

एक दिवस स्टेफी बावखलाच्या काठी घसरता घसरता वाचली. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं आमचं जुनं तळं. ते माझ्यात टिपलं गेलं आणि जीनाने तेही जगाला दाखवलं. त्या रविवारी कॅलेंडरवरचा आकडा एकदम चढला. लोक नेमके तिथेच थांबले होते, पुन्हा पुन्हा. तो आकडा बघताना जीनाचे डोळे असे चमकले, की मला धडकी भरली.

पुढच्या आठवड्यात स्टेफी पुन्हा काठावर. "जरा पुढे हो बाळा. हां, अजून एकच पाऊल."

सासूबाई जुलियाना ओट्यावरून ओरडल्या, "जीना बाय, पाणी कोणाचं नाय होत! पोरीला मागं घे."

"काय नाय होत आई, मी आहे ना इथे."

ती होती, पण माझ्यामागे होती.

मंगळवारी शेवाळावरून स्टेफीचा पाय सटकला. पोरीचं डोकं पाण्याखाली गेलं, आणि जीनाचा हात हलला नाही. मी त्याच हातात होतो, मला ठाऊक आहे. एक, दोन, तीन सेकंद तिने मला स्थिर धरलं. मग किंचाळून मला भिरकावलं आणि पाण्यात उडी घेतली.

पोरगी वाचली. संध्याकाळी जीनाचा दीर फ्लॉईड याने मला जाळीने बाहेर काढलं. ते तीन सेकंद अजून माझ्या पोटात आहेत. जीना डब्याकडे फिरकत नाही. कॅलेंडरही तिने भिंतीवरून उतरवलं आहे.

पण आज स्टेफीने झाकण उघडलं. तांदूळ बाजूला सारून तिने मला बाहेर काढलं आणि लहानपणी पुसायची तसंच फ्रॉकने पुसलं. मग माझ्या काळ्या काचेला तोंड लावून हळूच म्हणाली, "तू बंद पडलास, म्हणजे कोणीच नाय बघितलं? मी परत पडू का?"

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. पण असं एखादं पोर तुमच्या मोबाईलवर समोर आलं, तर तिथे थांबू नका. तुम्ही कुठे थांबता, ते कुणीतरी लिहून ठेवतंय. आणि तुम्ही थांबावं म्हणून काठावरचं एक पोर पाऊल पुढे टाकतंय.