झटक्याचं वजन

"जयमाला, फास्टचं बटण दाब. पंधरा मिनिटांत डाय बदलून झाली पाहिजे," सुपरवायझर निरंजन सर म्हणाले.

"नाही दाबणार, सर."

चाकणच्या त्या प्रेस शॉपमध्ये डाय, म्हणजे पत्रा दाबायचे लोखंडी साचे, उचलायची क्रेन चालवणारी जयमाला एकटीच बाई. लातूरकडून आयटीआय करून आलेली, रहाटणीत खोली घेऊन राहणारी. तीन वर्षांत तिच्या हातून कुठं साधा ओरखडा उठला नव्हता. पण पंधरवड्यापूर्वी उत्पादन वाढलं आणि सर घड्याळ घेऊन तिच्या पाठीमागे उभे राहू लागले. फास्टनं, झटक्यात उचललं की डाय टांगायचा पट्टा करकरायचा. तिला ते ऐकू यायचं, आणि डायला हात लावून ती सरळ धरणाऱ्या हेल्पर उद्धवरावांनाही.

"डाय अठराशे किलोची, पट्टा दोन टनांचा. घाबरतेस कशाला?"

"नुसती टांगली तर अठराशे. झटक्यानं नाही."

तिनं खडू घेतला आणि फरशीवरच मांडलं. "बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. गुरुत्वाचं नऊ पूर्णांक आठ. काल तुम्ही स्वतः फास्ट दाबलंत, तेव्हा त्यात तीनची भर पडली. बारा पूर्णांक आठ गुणिले अठराशे, तेवीस हजार चाळीस न्यूटन. पट्ट्याची मर्यादा दोन टन, म्हणजे एकोणीस हजार सहाशे."

"हे तीन कुठून आणलंस?"

"डायला मोबाईल चिकटवला होता. त्यातल्या अ‍ॅपनं मोजलं."

"शॉपमध्ये मोबाईल आणलास?"

"आणला. त्याचा मेमो द्या, घेते."

सरांचा चेहरा लाल झाला. "पट्टा बनवणारे जास्तीची ताकद ठेवूनच देतात."

"ती चुकून काही झालं तर, म्हणून. रोजच्या घाईसाठी नाही."

सरांनी तिच्या हातातल्या, क्रेनवरून लोंबणाऱ्या बटणांच्या पेटीसाठी हात पुढं केला. जयमालाची मूठ सैल झाली नाही. तेवढ्यात उद्धवराव डायपासून बाजूला झाले.

"हिचं गणित मला कळत न्हाई, साहेब. पर पट्टा काय बोलतोय त्ये कळतंय. मी काय डाय धरणार न्हाई."

चाळीस मिनिटं लाइन बंद राहिली. शेवटी वरून मोठे साहेब आले. खडूचं गणित त्यांनी वाकून वाचलं, माणसं लांब केली, नवा पट्टा लावला, हुकाला वजनकाटा अडकवला आणि जयमालाला फास्ट दाबायला लावलं, एकदाच. काट्यानं तेवीसशे चाळीस किलो दाखवलं, दोन टनांच्या वर.

फास्टचं बटण त्याच दिवशी बंद झालं. चार दिवसांनी तीन टनांचे पट्टे आले. मोबाईलचा मेमोही आला, आणि सोबत ऑफिसातून निरोप: माफी लिहून दे, मिटवून टाकू.

जयमालानं कागदावर ते गुणाकाराचं गणित तेवढं लिहिलं, खाली सही केली, कागद ऑफिसात दिला आणि क्रेनकडे निघून गेली.