एकवरून थेट नऊवर

आमच्या टीमच्या प्रमुखांना आम्ही पाठीमागे घाईसाहेब म्हणतो. आम्ही शिंप्यांसाठी गिऱ्हाइकांची मापं साठवायचं अ‍ॅप बनवतो. नवव्या आवृत्तीत मापांची मांडणी पार बदलली, तेव्हा साहेब म्हणाले, "जुनी मापं नव्या मांडणीत बसली नाहीत तर पुसून टाक. एका ओळीचं काम आहे."

"आणि शिंप्यानं गिऱ्हाइकाला काय सांगायचं?"

"आठव्या आवृत्तीवरून येणाऱ्यांचं बघ. पहिलीवर आता कोण बसलंय?"

माझे बाबा बसले होते. पहिली आवृत्ती मी त्यांच्याच शिंपीकामाच्या दुकानात, त्यांची बोलणी खात बनवली. त्यानंतर त्यांनी अपडेटचं नाव काढलं नाही. चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

मी हट्टी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. साहेबांनी कोडमध्ये घातलेली पुसायची ती ओळ मी उडवली. प्रत्येक आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत मापं सुखरूप नेणारी एकेक पायरी लिहिली. पहिलीत छाती, कंबर, बाही सगळं एकाच रकान्यात कोंबलेलं होतं. ते वेगळं करताना जे कुठंच बसेना, ते जसंच्या तसं 'शेरा' म्हणून ठेवलं. साहेब आठवडाभर धुमसत होते. धुमसू देत.

अपडेट बाहेर पडलं त्याच दुपारी बाबांचा फोन आला. "अगं, तुझ्या भावानं माझ्या फोनवर ते अपडेट का काय ते केलंय. बिघडलं नाही ना, बघून जा."

बाबांची सगळी मापं त्या एकाच फोनमध्ये होती. तशीच उठून दुकान गाठलं. बाबा एका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप धरून उभे होते. मी फोन उचलला आणि पहिलंच नाव उघडलं. बँकेतले काका. छाती, कंबर, बाही आपापल्या रकान्यात. खाली शेऱ्यात बाबांचेच शब्द: 'डावा खांदा उतरता. पोटाचा विषय काढू नये.'

पुढचं नाव उघडलं, मग त्याच्या पुढचं. सगळी मापं होती.

"बाबा, सगळं जागच्या जागी आहे!" मी जवळजवळ ओरडलेच.

"मग? कुठं जाणार होतं?" बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळून तोऱ्यात म्हणाले, "आमच्या लेकीनं बनवलंय. यात एकदा माप घातलं की ते हरवत नाही."

ती उडवलेली ओळ मला आठवली. मान ताठ करून मी म्हणाले, "नाहीच हरवत."