रिकाम्या खुर्च्यांची तीन मिनिटं

येरमाळ्याजवळच्या एका गावात तरुणांची पहिली संवादसभा पंधराच्या पंधरा जणांच्या उपस्थितीत, एकमतानं पार पडली. रजिस्टरला तशी नोंद होती. वाचून झालं असेल तर विसरून जा, कारण अशी सभा झालीच नाही.

वर्षाराणी तुळजापुरात लोकशाहीचं दोन दिवसांचं संवाद शिबिर करून आली होती. दहावीच्या तिच्या वर्गातलं गावात उरलेलं शेवटचं माणूस तीच, बाकीचे पुण्यात. शिबिरातली पद्धत तिला पटली होती. गोल बसायचं. कवडी ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं, तीन मिनिटं. पुढच्यानं आधी त्याचं म्हणणं सांगायचं, मग आपलं. सभा जमली तर गावात राहायचं, नाही तर साडेपाचच्या एसटीनं पुणं गाठायचं, असं तिनं ठरवलेलं. भरलेली बॅग शेजारीच होती.

घरोघरून पंधरा खुर्च्या मागून आणल्या. चारच्या सभेला पावणेपाचपर्यंत दोन माणसं आली. कस्तुराबाई आपली लाल खुर्ची परत न्यायला आली होती. पोरगा कुलदीप आला तर बसायला लागेल म्हणून. कुलदीप दोन वर्षांत आला नव्हता. दुसरा बब्रुवान, ग्रामपंचायतीचा शिपाई. गेली अकरा वर्षं ग्रामसभेचं रजिस्टर तोच घरोघर फिरवायचा आणि घरी नसेल त्याची सही स्वतःच ठोकायचा. गावाची सगळी अक्षरं त्याला येत होती. आजच्याही पंधरा सह्या तो करूनच आला होता.

"झाली की सभा," तो म्हणाला. "पोरी, गाडी चुकंल तुझी."

वर्षाराणी कवडी बॅगेत टाकायला निघाली, तेव्हा कस्तुराबाईनं ती मागून घेतली. "पाच वर्षांनी बटन दाबून येतो आमी. मधल्या दिवसांत आमचं ऐकायचं कुणी?" असं म्हणून ती लाल खुर्चीशेजारच्या खुर्चीत बसली आणि तीन मिनिटं पुरेपूर बोलली. पुढची खुर्ची लाल, रिकामी. वर्षाराणी तिला ओलांडून बब्रुवानकडं वळली.

"नियम हाय ना? मग तिथं ठेव," कस्तुराबाई म्हणाली. "कुलदीपची हाय ती."

तीन मिनिटं कवडी खुर्चीवर पडून राहिली. मग बब्रुवानची पाळी आली. नियमाप्रमाणं आधी खुर्चीचं म्हणणं सांगायचं होतं.

"काय न्हाय म्हणली," तो म्हणाला.

"समदं सांगा, भावजी," कस्तुराबाई म्हणाली.

बब्रुवाननं कवडी मुठीत धरली. "म्हणली, म्या हितं न्हाय. मला कुणी इच्यारलं न्हाय. आन सही मातर माझी हाय."

मग त्यानं रजिस्टर उघडलं आणि बारा सह्यांवर एकेक रेघ मारली.

उरलेल्या अकरा खुर्च्यांनाही तीन-तीन मिनिटं मिळाली. आठव्या खुर्चीच्या वेळी फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. कवडी हातात नसल्यामुळं वर्षाराणीला "थांबवा" म्हणता आलं नाही.

मित्रहो, वर झालेले हात कुणीही मोजतं. जो बोलला नाही, किंवा आलाच नाही, त्याचं म्हणणं दुसऱ्यानं खोटं न घालता सांगितलं, की लोकशाही तिथून सुरू होते.

दुसऱ्या दिवशी तीन खऱ्या सह्यांचा अर्ज तालुक्याला गेला:

"मा. गटविकास अधिकारी, सदर सभेस तीन माणसं व बारा खुर्च्या हजर होत्या. खुर्च्यांचं मौन इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदवून घ्यावं, आणि पुढील सभेपूर्वी त्यांवरची माणसं गावी परत पाठवण्याची तजवीज व्हावी, ही नम्र विनंती. लाल खुर्चीपासून सुरुवात केल्यास बरं होईल."