विसेंताच्या जिन्याखालची छत्री

दरवर्षी एक ऑगस्टला तेरुएलहून येणारी बस समुद्रकाठच्या ला कालेताच्या चौकात थांबली, की ओरोसिया खाली उतरण्याआधी पायरीवरच एक खोल श्वास घ्यायची. खारं वारं, तापलेलं डांबर आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरात तळले जाणारे बोटभर मासे, असा तो वास. तो नाकात शिरला की सुट्टी सुरू. शेहेचाळीस वर्षांत गावात काय काय बदललं, पण हा वास जसाच्या तसा होता.

या वर्षीही तिने श्वास घेतला. पण तो तिला नीट पुरला नाही. कारण या वर्षी तिला आपल्या घरमालकिणीला, विसेंताला, सांगायचं होतं की, हा शेवटचा ऑगस्ट.

ठरवलं होतं तिच्या लेकीने, नुरियाने. हिवाळ्यात ओरोसिया स्वयंपाकघरात घसरून पडली आणि तासभर तशीच फरशीवर पडून राहिली. तेव्हापासून नुरियाने धोशाच लावला. "आई, पुढच्या उन्हाळ्यापासून तू आमच्याबरोबर डोंगरात यायचंस. गारवा आहे, दवाखाना जवळ आहे, आणि मुख्य म्हणजे आम्ही आहोत." लेक काही वावगं बोलत नव्हती. ओरोसिया अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. ती हो म्हणून मोकळी झाली.

विसेंता दारातच उभी होती. तोच फुलाफुलांचा घरातला झगा, तोच कमरेवर हात.

"आलीस का गं बये! मला वाटलं, बस दरीत गेली."

"गेलीच असती. ड्रायव्हर तुझ्याच गावचा होता."

मग नेहमीप्रमाणे विसेंताने जिन्याखालचं बुटकं दार उघडलं आणि वाकून आतून छत्री बाहेर काढली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, वाळूत रोवायची. निळा रंग आता धुवट राखाडी झाला होता. एक काडी फेर्मीनने, म्हणजे ओरोसियाच्या नवऱ्याने, तारेने बांधली होती. फेर्मीनला जाऊन अकरा वर्षं झाली, पण तार अजून घट्ट होती.

या गल्लीत कुणी कधी करारमदार केला नाही. उन्हाळ्यापुरता राहायला आलेला पाहुणा जाताना आपली छत्री घरमालकिणीकडे ठेवून गेला, म्हणजे पुढच्या ऑगस्टला खोली त्याची. छत्री घेऊन गेला, म्हणजे खोली रिकामी. तोंडाने काही बोलावं लागत नसे. समोरच्या घरातल्या वायादोलिदच्या कुटुंबाने एके वर्षी छत्री गाडीच्या टपावर बांधली, तेव्हा अख्खी गल्ली दारात येऊन गप्प उभी राहिली होती.

ओरोसियाला या वर्षी छत्री न्यायची होती.

आज सांगते, असं तिने पहिल्या दिवशी ठरवलं. पण विसेंताने भात केला होता, तळाशी खरपूस लागलेला, ओरोसियाला आवडतो तसा. खरपुडी खरवडून तिने सगळी ओरोसियाच्याच ताटात घातली. असं ती एरवी मेली तरी करत नसे. शेहेचाळीस वर्षं दोघी त्या खरपुडीवरून भांडत आल्या होत्या. अशा ताटावर बसून वाईट बातमी कशी सांगायची? मग ओरोसियाने मनाशी मुदत घातली: नवव्या डुबकीच्या आत.

समुद्रात नऊ डुबक्या घ्यायच्या, रोज एक. आठ नाहीत, दहा नाहीत. आकडा विषम हवा. मग वर्षभर हाडं दुखत नाहीत. हे ओरोसियाच्या आजीने सांगितलं होतं, आणि त्या आजीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. विसेंता डुबक्यांचा हिशेब खिडकीच्या कठड्यावर शिंपले मांडून ठेवायची. स्वतः मात्र घोट्यावर पाणी चढू द्यायची नाही. "समुद्र माशांसाठी आणि तेरुएलवाल्यांसाठी," म्हणायची. "आम्हाला रोज दिसतो, तेवढा पुरे."

दिवस नेहमीसारखेच गेले, आणि तेच तर अवघड होतं. सकाळी लवकर जाऊन छत्री रोवायची, पाण्यापासून दुसऱ्या ओळीत. शेजारच्या छत्र्यांखालच्या बायकांशी कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची सून कशी निघाली, ते सगळं बोलून घ्यायचं. दुपारी जेवून खिडक्यांवरचे लाकडी पट्ट्यांचे पडदे खाली सोडायचे आणि काळोख्या गारव्यात वामकुक्षी. जेवल्यावर दोन तास पाण्याचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी खुर्च्या गल्लीत काढून थंड, दुधासारखा गोड होर्चाता पीत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारायचे.

रोज काहीतरी आडवं यायचं. तिसऱ्या दिवशी विसेंताने तिच्यासाठी स्वतः जाऊन मासे आणले. चौथ्या दिवशी विसेंताचा मुलगा बातिस्ते टेप घेऊन आला आणि वरच्या खोलीची दारं-खिडक्या मोजत बसला.

"काय रे, काय चाललंय?" ओरोसियाने विचारलं.

"काही नाही मावशी, रंग द्यायचाय," तो म्हणाला आणि आईकडे बघायचं टाळत निघून गेला.

विसेंताने त्या संध्याकाळी खरबुजाचा मधला गोड भाग कापून ओरोसियापुढे सरकवला. हिला कळलेलं दिसतंय, ओरोसियाच्या मनात आलं, आणि तरी ही आपल्याशी इतकं चांगलं वागते आहे. दरवर्षी ती विसेंतासाठी एक हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी, आणायची. या वेळी तिने खोलीत जाऊन पिशवीतलं दुसरं हॅमही बाहेर काढलं. ते खरं म्हणजे जावयासाठी होतं.

"दोन-दोन?" विसेंता म्हणाली. "लॉटरी लागली का गं?"

"खा मुकाट्याने."

नववी सकाळ उजाडली. समुद्र ताटासारखा सपाट. ओरोसिया कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून धीर गोळा करत होती, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या बायकांत कुजबुज झाली. तिने वळून पाहिलं. सपाता हातात घेऊन, झगा गुडघ्यापर्यंत उचलून, विसेंता पाण्यात येत होती.

"अगं, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. ओरडू नको, सगळ्या बघताहेत." विसेंता गुडघाभर पाण्यात थांबली. "घरात सांगायला तोंड उघडत नाही माझं. नऊ दिवस प्रयत्न करते आहे. बातिस्ते वरचा मजला पुढच्या वर्षापासून आठवड्याच्या बोलीवर देणार आहे. परदेशी लोकांना. फोनवरूनच ठरतं म्हणे सगळं. दाराला आकड्यांचं कुलूप, भिंती पांढऱ्या. त्याचंही बरोबर आहे, दोन मुलं शिकतात त्याची. जिन्याखाली कपडे धुवायचं मशीन येणार. मी खालच्या खोलीत. म्हणजे... तुझी छत्री..."



ओरोसियाला हसू फुटलं. इतकं, की तोल जाऊन ती पाण्यात बसलीच. ती नववी डुबकी.

"हसतेस काय म्हातारे! माझ्या जिवाला घोर लागलाय!"

"अगं, मीही तेच सांगायला आले होते! नुरिया मला डोंगरात नेते आहे. हा शेवटचा ऑगस्ट होता माझा!"

विसेंताचं तोंड उघडं राहिलं. मग म्हणाली, "म्हणजे खरपुडी मी उगाचच दिली?"

"आणि माझी दोन हॅम?"

दोघी पाण्यात उभ्या राहून हसल्या. किनाऱ्यावरच्या बायकाही का कुणास ठाऊक हसू लागल्या.

आता कुणी कुणाची अपराधी नव्हती, तरी ओरोसियाला हलकं वाटेना. दुपारी पट्ट्यांमधून येणाऱ्या उन्हाच्या रेघा बघत ती पडली, तेव्हा कुठे तिला उमगलं. ती जायला तयार झाली होती, कारण तिच्या मनात ला कालेता जागच्या जागी राहणार होतं. डोंगरात बसून ती म्हणणार होती, आत्ता विसेंता खुर्ची बाहेर काढत असेल, आता तो बुटका दरवाजा कुरकुरला असेल. आपण गेलो तरी मागे सगळं तसंच असेल, या भरवशावर ती हो म्हणाली होती. आता तो भरवसाच गेला होता. आणि तिला जायचंही नव्हतं. मुळात नव्हतंच. हे तिने नुरियाला कधी सांगितलंच नव्हतं.

ती उठली. अनवाणी जिना उतरली. बुटक्या दारातून छत्री ओढून काढली आणि विसेंताच्या खोलीत गेली. विसेंता घोरत होती. शेजारी दुसरी खाट होती, विसेंताच्या वारलेल्या बहिणीची, वर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. ओरोसियाने छत्री कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभी केली. फट जणू तिच्याच मापाची होती. मग ती कपडे उचलून खुर्चीवर ठेवू लागली.

घोरणं थांबलं.

"काय करतेस गं?"

"छत्री ठेवते. जिन्याखाली मशीन येणार ना, ओल धरेल."

विसेंता कोपरावर उठली. छत्रीकडे पाहिलं, रिकाम्या होत असलेल्या खाटेकडे पाहिलं.

"मी घोरते," ती म्हणाली.

"फेर्मीनही घोरायचा. त्यातही चाळीस वर्षं झोपले मी."

"आणि नुरिया?"

"तिला मी सांगते. तू गप्प राहायचं. तुला गप्प राहता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते."

सोळा तारखेला नुरिया गाडी घेऊन आली. वरून पिशव्या आणल्या, टोपली आणली, घडीची खुर्ची आणली. मागचं झाकण उघडं ठेवून तिने जिन्याखाली वाकून पाहिलं.

"आई, छत्री कुठाय?"

"विसेंताच्या खोलीत. राहू दे तिथेच."

नुरिया सरळ झाली. ती याच गल्लीत रांगली होती. छत्री मागे ठेवण्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आई, आपलं ठरलं होतं."

"तू ठरवलंस. मी हो म्हणाले. आता नाही म्हणते. जुलैभर येते तुझ्या डोंगरात, म्हणशील ती गोळी घेईन. ऑगस्टचे पंधरा दिवस माझे इथे. आणि पडलेच, तर एकाच खोलीत आहोत. ही उचलेल मला."

"नाहीतर दोघी पडून राहू," विसेंता म्हणाली. ओरोसियाने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने ओठ मिटून घेतले.

नुरियाने उघड्या दारातून खालच्या खोलीत पाहिलं. मोकळी केलेली खाट, तिच्यावर अंथरलेली चादर आणि फटीत उभी छत्री. बापाने बांधलेली तार तिला इथूनही दिसली.

"नऊ झाल्या का डुबक्या?" तिने विचारलं.

"झाल्या. नववी बसून घेतली."

नुरियाने गाडीचं झाकण लावलं. "चला मग. वर्षभर तुझी हाडं दुखायची नाहीत."

गाडी गल्लीच्या टोकाला वळत होती, तेव्हा विसेंता सपाता फटफटवत मागून धावत आली. गप्प राहणं तिला तेवढंच जमलं.

"ओरोसिया! येताना उशी घेऊन ये तुझी! माझ्याकडे एकच आहे!"