अणुभट्टी नावाचा कुकर

मी एक जुना कुकर आहे, पोट्टेहो. पातूरच्या कुर्बानभाईच्या घरचा. झाकनाले पोचा, दांड्याले सुतळी. पन रुबाब पाहा, घरात मले अणुभट्टी म्हनत.

हे नाव त्याच्या लेकीनं, गजालानं ठेवलं. ती दूरच्या अणुवीज केंद्रात ऑपरेटरचं काम शिकून राहिली होती. तिथं नकली पॅनलवर परीक्षा झाली. घंटा वाजली अन् हिनं काही वाचायच्या आधीच बटन दाबलं, तेही भलतंच. साहेब म्हने, धोका झाला का भट्टी स्वतःच पापनी लवायच्या आत बंद होते. तुमी आधी पाहा, मोठ्यानं बोला, जोडीदार तेच बोलला का मंग हात लावा. पुन्हा चुकली तर ऑपरेटरची खुर्ची गेली समजा.

सुट्टीत ती घरी आली तवा नापिकीचं साल. फवारनीचे पंप दुरुस्त करनारा कुर्बानभाई दुकानात माशा मारत बसे. अन् घरात पोरीचा सराव, माह्यावर. मी शिट्टी मारली का गजाला हात पाठीमागं बांधून म्हने, "शिट्टी झाली." जोडीदार तिची दादी, सबीहाबी. तोंडातलं पान सांभाळत ती म्हने, "शिट्टी झाली. अन् दाळ जळून राहिली, ऑपरेटरीनबाई."

माह्या शिट्टीनं गावाजवळच्या लेण्यातले वटवाघूळ उठत, खोटं नाई सांगत. पन मले नीट धुवायचं कोनाच्या ध्यानात नव्हतं. एक दिवस शिट्टीच्या भोकात दाळ अडकली. पोटात वाफ कोंडली, मी थरथरलो. दादी चिमटा घेऊन शिट्टी उचकाले धावली. मनात म्हटलं, गेली म्हातारी.

गजालाचे हात पाठीमागंच. "दादी, हात मागं. शिट्टी बंद पडली. गॅस बंद करते."

जन्मात कोनाचं न ऐकलेल्या दादीचा हात हवेतच थांबला. "हात मागं. शिट्टी बंद पडली. गॅस बंद कर, बेटा."

तवा कुठं गजालाचा हात हलला. या सगळ्याले वेळ किती? दादीचं पान या गालातून त्या गालात जाईल, तेवढा. दोघी दाराबाहेर झाल्या अन् माह्या झाकनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. दाळ सारी छताले. कोनाले चटका नाई.

दादी वर पाहत म्हने, "हे पन येते का परीक्षेत?"

दुसऱ्या परीक्षेत घंटा वाजली तवा गजालाचे हात पाठीमागं होते. आता ती खुर्चीवर आहे, मी फळीवर. छताचा पिवळा डाग दादी कोनाले पुसू देत नाई.

म्हनून सांगतो, पोट्टेहो, तुमच्या कुकरची शिट्टी रोज धुवा, भोकातून उजेड दिसते का पाहा. आमाले बोलाले तेवढं एकच तोंड असते.