माझे पट्टे

पलंगाच्या उशाशी जी उभी लाकडी चौकट असते ना, मित्रांनो, ती मी. शहरातले लोक मला हेडबोर्ड म्हणतात. आता माझं वय झालं आहे. माझ्या अंगावर एक गडद आणि एक फिकट असे पट्टे आहेत. मला पाहून पुष्कळ जण हसतात. हसू द्या. ते पट्टे मी मिरवतो, आणि का मिरवतो तेच तुम्हांला सांगणार आहे.

पुण्याच्या टिंबर मार्केटात सीताराम मिस्त्रींच्या दुकानात माझा जन्म झाला. साल १९९९. शहरात संगणकाच्या कंपन्या येत होत्या, नव्या इमारती उठत होत्या, आणि लग्न झालेली तरुण मंडळी फर्निचर घ्यायला दुकानं पालथी घालत होती. मिस्त्रींनी मला अस्सल सागवानातून घडवलं. वर कमान आणि खाली नऊ उभे गोल गज. दुकानात मोराचं नक्षीकाम असलेले हेडबोर्ड होते, मखमली गादीचे होते. पण साधेपणात माझ्या तोडीचं कुणी नाही, असं मला मनातून वाटे.

एका रविवारी नम्रता आणि तिचा नवरा रविराज दुकानात आले. तो कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा आणि मूळचा अमरावतीचा होता. त्याला मखमलीचा आवडला. "हा बघ, टेकून बसायला मस्त!" तो म्हणाला.

"त्यात धूळ बसते. आपल्या ऋतिकाला शिंका येतील," नम्रता म्हणाली.

"आणि हा मोराचा?"

"चोच डोळ्यात जाईल."

"मग मोराला म्हणावं, चोच मिटून बस," रविराज म्हणाला. ती हसली नाही.

आतल्या बाजूला मिस्त्री रंधा मारत होते. त्यांची पाठ आहे असं बघून नम्रतेनं पिशवीतून एक नारळ काढला आणि माझ्या दोन गजांमध्ये घालून पाहिला. तो गेला नाही. तिनं गजांमधल्या आठही फटींतून प्रयत्न केला, एकीतूनही गेला नाही. तिचा चेहरा उजळला. "हाच घ्यायचा!" नारळ बाकावर ठेवून ती रविराजबरोबर टेंपो ठरवायला बाहेर गेली. माझी निवड झाली होती! माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू!

ती दोघं परत येतात तो मिस्त्रींनी हसतमुखानं दुकानाच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. नवीन वस्तू दुकानाबाहेर पडताना नारळ वाढवायची त्यांची जुनी रीत होती. गिऱ्हाईक स्वतःच घेऊन आलं, याचं त्यांना केवढं कौतुक!

"अहो मिस्त्री!" नम्रता किंचाळली. "ते माझ्या मुलीचं डोकं होतं!"

मिस्त्रींच्या हातातली करवंटी खाली पडली.

मग रविराजनं सगळं सांगितलं. ऋतिका नऊ महिन्यांची होती. त्यांच्या भाड्याच्या घरात लोखंडी पलंग होता. पंधरा दिवसांपूर्वी ती सरकत सरकत त्याच्या उशाकडच्या गजांमधून बाहेर पडली आणि डोकं अडकून हनुवटीवर लटकली. सासूबाईंनी वेळेवर खालून उचलून धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून नम्रता धड झोपत नव्हती. बाळाच्या टोपीत बरोबर बसेल असा नारळ तिनं मंडईत अर्धा तास निवडला होता. नारळवाला म्हणे वैतागून म्हणाला, "बाई, नारळ घ्यायचाय की जावई?"

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, पोर अडकली तेव्हा आधी काय बाहेर गेलं?"

"पाय. मग पोट. मग..."

"म्हणजे अंग गेलं आणि डोकं राहिलं. मग माप डोक्याचं कसं चालेल? डोकं जात नाही, हाच तर घोटाळा." त्यांनी माझ्या गजांमध्ये हात घातला. चारही बोटं आरामात गेली. "इथून तुमच्या पोरीचं अंग जाईल. हा मी तुम्हांला देत नाही."

नम्रता मट्‌कन स्टुलावर बसली. "म्हणजे मी आज तिला..."

आणि मित्रांनो, मी! ज्या परीक्षेत मी एवढ्या ऐटीत पास झालो, ती परीक्षाच चुकीची होती.

"चार दिवस द्या," मिस्त्री म्हणाले. "मधे मधे एकेक गज वाढवतो. पण सागवान संपलंय, आंब्याचं लाकूड आहे. पट्टे दिसतील. उद्या पाहुणे नावं ठेवतील, तेव्हा माझ्या नावानं बोटं मोडू नका."

"दिसू द्यात," ती म्हणाली.

असा मी नऊ गजांचा सतरा गजांचा झालो आणि नव्या पलंगासकट त्यांच्या घरी आलो. सासूबाईंनी मला पाहून विचारलं, "पायजम्याचं कापड लावलं का ह्याला?"

दुसऱ्याच दुपारी नम्रता बाळाला झोपवून कुकर उतरवायला आणि कणीक मळायला गेली. तेवढ्यात ऋतिका जागी झाली आणि उलटी वळून रांगत माझ्यापाशी आली. तिनं एक पाय माझ्या गजांमध्ये घातला. बोटं गेली, टाच अडली. तिनं जोर लावला. मी हललो नाही. दुसरा पाय घातला. तोही अडला. मग तिला राग आला आणि तिनं भोकाड पसरलं. पिठाचे हात घेऊन नम्रता धावत आली, दारातच थांबली, आणि अडलेली ती इवलीशी टाच तिनं पाहिली. पुन्हा पुन्हा पाहिली. मग बाळाला कुशीत घेऊन माझ्याजवळ आडवी झाली आणि दोन तास गाढ झोपली. माझ्या हातून आयुष्यात जे मोठं काम झालं, ते एवढंच. एक आई झोपली.

पुढं ऋतिका मला धरून उभी राहिली, माझ्या गजांवर आकडे मोजायला शिकली. रविराज बढती घेत गेला. बाणेरला मोठा फ्लॅट झाला, मखमली पाठीचा पलंग आला, आणि मी बाल्कनीत गेलो. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. पाणी मुरून माझा एक गज ढिला झाला. कुणाचं लक्ष नव्हतं.

स्वयंपाकाला येणाऱ्या तुळजाबाईंचं मात्र होतं. त्यांच्या लेकीला मुलगा झाला होता, दिग्विजय. "ताई, हे भाईर पडलंय ते लेकीच्या पलंगाला नेऊ का?"

नम्रतेनं मला हात लावून पाहिला. "आत्ता नको, तुळजाबाई."

"द्यायचं नसंल तर तसं सांगा की. आमी काय मागून खानारी मानसं न्हाय."

"अहो, गज हलतोय. असा कसा देऊ?"

तुळजाबाईंचा विश्वास बसला नाही. दोन दिवस त्या पोळपाटावर लाटणं आपटत पोळ्या करत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सुतार आला. नम्रता त्याच्या डोक्यावर उभी राहिली आणि तिनं प्रत्येक गज स्वतः ओढून पाहिला. तेव्हा तुळजाबाईंनी न सांगता सुताराला चहा दिला. मग मी टेंपोत उभा राहून स्वारगेटवरून कात्रजला गेलो, अगदी मिरवणुकीत जावं तसा.

मित्रांनो, नवा पलंग निवडाल तेव्हा पॉलिशला भुलू नका. त्यावर कोण झोपणार आहे ते आधी आठवा. आम्हांला ओलं ठेवू नका, महिन्यातून एकदा हलवून पाहा. आणि जुनी वस्तू दुसऱ्याला देताना, ती आपल्याच बाळासाठी आहे असं समजून दुरुस्त करून द्या.

दिग्विजय आता सात महिन्यांचा आहे. तो आत्ता माझ्याकडे रांगत येतो आहे. त्याची आई बाहेर धुणं वाळत घालते आहे. येऊ द्या त्याला. मी आहे.