मैत्रीघरातली संध्याकाळ

बन्नूर रस्त्यावरच्या मैत्रीघरात एके काळी पुष्कळ बायका व्रत घेऊन राहत. कुणी वारली, कुणी आपापल्या चर्चकडे परतली. आता दोघीच उरल्या होत्या. कमलिनीताई नगरच्या प्रोटेस्टंट घरातल्या, प्रार्थना वसईची कॅथलिक. रविवारी दोघी वेगवेगळ्या चर्चला जात. प्रभुभोजन एका मेजावर घ्यायची मुभा नव्हती. संध्याकाळी मात्र एकत्र गात. एकच छोटी ओळ, पुन्हापुन्हा. कमलिनीताई वरचा सूर धरत, प्रार्थना खालून साथ करायची. ऐकायला आसपासची माणसं येत. शेजारच्या कानडी तुंगाबाई तर नवरा गेल्यापासून रोज येत.

पावसाळ्यात कमलिनीताईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडात एकच शब्द उरला: “नको.” पाणी पुढे केलं तरी “नको” म्हणायच्या आणि घटाघटा प्यायच्या.

“बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शाबूत राहतं,” डॉक्टर म्हणाले. “त्यांच्यापाशी गात राहा.”

प्रार्थनाने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. वेणी घालताना, पेज भरवताना ती गायची. ताई भिंतीकडे तोंड फिरवायच्या. थकल्या असतील, ती स्वतःला समजवायची.

नाताळाआधीच्या एका रविवारी तिने त्यांना पांढरी साडी नेसवली आणि चाकाच्या खुर्चीवरून प्रार्थनेच्या खोलीत नेलं. बातमी कळून बरीच माणसं आली होती. प्रार्थनाने सूर नेहमीपेक्षा खाली लावला. “ऐक, प्रभो, ऐक...” ताई जिथे वरचा सूर घेत, तिथे ती थांबली.

सगळे ताईंकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडलं. आतून एक घोगरा, लांबलेला आवाज निघाला. मागे बसलेली एक लहान मुलगी भेदरून रडायला लागली. प्रार्थना खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली आणि तीच ओळ पुन्हा गाऊ लागली. ताईंनी डावा हात उचलला आणि तिच्या तोंडावर दाबून धरला.

“नको.”

“गाणं नको?” प्रार्थनाने हात हलकेच बाजूला करत विचारलं.

“नको.”

“मग प्रार्थना नको?”

विचारल्यावर तिलाच कळेना, आपण नेमकं काय विचारलं. ताई तिच्याकडे बघत राहिल्या. डोळे कोरडे होते.

“नको.”

माणसं गुपचूप उठून गेली. तुंगाबाई दाराशी थांबल्या. “अय्यो, मनाला लावून घेऊ नको गं. तिला समजतच नाही, पाप, बिचारीला.”

“समजतं, तुंगाबाई. सगळं समजतं त्यांना.”

“मग नाळे येते मी, उद्या. गाणं नसलं तर काय झालं? बसू नुसतं.”

त्या आल्या, तिघी-चौघी आणखी आल्या, आणि नुसत्या बसल्या. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जात राहिले. दिव्याची वात नीट करण्यापलीकडे प्रार्थनाला काही सुचेना. डोळे मिटले की मनात एकही शब्द उभा राहत नव्हता. इतकी वर्षं आपण प्रार्थना करत होतो की नुसते दुसऱ्या आवाजाला टेकून बसलो होतो, हे तिला ठरवता येईना. हळूहळू बायका यायच्या थांबल्या. शेवटी तुंगाबाईही.

चर्चमधल्या एका बाईने वृद्धाश्रमाचं सुचवलं, तेव्हा प्रार्थना म्हणाली, “त्यांचं सगळं मीच करीन.” तसं ती करतही होती. पण खोलीत जायच्या आधी दारात क्षणभर थांबायची. आपण आत गेलेलं त्यांना हवं आहे का, हे विचारायची आता तिची हिंमत नव्हती.

एकदा दुपारी ताई झोपल्या होत्या. मागच्या नळाशी चादरी धुताना तिने दबक्या आवाजात ती ओळ म्हणून पाहिली. पहिला शब्द आला. पुढचा आलाच नाही. वरून यायचा तो सूर ऐकायला कान आपोआप थांबले होते. नळ वाहत होता, बादली भरून सांडत होती.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि ताईंची कूस बदलायला आत गेली.